शीतगृहाच्या पॅनेलमध्ये लिहून ठेवलेले निर्णय



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा आग्रह एकच होता: यंत्र वापरणाऱ्याला ते आतून समजले पाहिजे. त्यांच्या स्मृतीला साजेसे काही बोलायचे, तर आपल्या सगळ्यांच्या उत्पन्नाशी जोडलेल्या एका यंत्राबद्दल बोलावे असे मला वाटले. द्राक्षांच्या पॅकहाऊसच्या कोल्ड स्टोरेजबाहेर भिंतीवर एक पॅनेल असते. त्यात जाड वायरींच्या आणि कॉन्टॅक्टरच्या गर्दीत तळहाताएवढे एक इलेक्ट्रॉनिक कार्ड बसवलेले असते. कॉम्प्रेसर कधी चालू होईल, पंखा कधी थांबेल, कॉइलवरचा बर्फ कधी वितळेल, हे सगळे त्या कार्डावरून घडते.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. हे कार्ड द्राक्ष ओळखत नाही. त्याला कळतात विजेचे दाब, तारांचे रोध आणि गेलेली मिनिटे. द्राक्षाबद्दलचे शहाणपण कोणीतरी माणूस आकड्यांच्या रूपात त्यात लिहून ठेवतो. म्हणून ज्यांचा माल त्या खोलीत आहे आणि ज्यांचे हात त्या पॅनेलवर आहेत, त्या दोघांना ते आकडे वाचता आले पाहिजेत.

आधी माल पाहू. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात जानेवारी ते एप्रिल हा निर्यातीचा हंगाम. सकाळी घड उतरतात, पॅकहाऊसमध्ये साफ होतात, पनेटच्या छोट्या डब्यांत भरले जातात आणि पेट्या प्रीकूलिंगच्या खोलीत जातात. तिथून शीतगृह, मग रीफर कंटेनर, न्हावा-शेवा बंदर आणि बोटीने युरोप. बागेतून निघालेला घड तिथल्या घरात पोचेपर्यंत महिना सहज उलटतो. एवढ्या काळात देठ हिरवा आणि मणी कडक राहायचा, तर खोलीचे तापमान शून्य अंशाच्या आसपास आणि आर्द्रता ९० ते ९५ टक्के लागते. तापमान वर गेले की करडी बुरशी वाढते आणि देठ सुकून तपकिरी पडतो. ते फार खाली गेले, तर देठ उणे २ अंशांच्या सुमारास गोठू लागतो. मण्यात साखर असल्यामुळे तो आणखी अंशभर तग धरतो, एवढेच. म्हणजे चुकायला जागा जेमतेम दोन अंशांची आहे, आणि ती जागा सांभाळण्याचे काम त्या कार्डाकडे आहे.

आता यंत्राची क्षमता किती असते ते पाहू. पाच टन द्राक्षे ३० अंशांवरून २ अंशांवर सहा तासांत आणायची, तर त्यांतून सरासरी २४ किलोवॉट उष्णता सतत बाहेर काढावी लागते. शीतकरणाच्या धंद्यात हे माप टनांत सांगतात. एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट. अमेरिकी मापाचा एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढा हा वेग. आपल्या पाच टन मालाला अशी जवळपास सात टनांची ताकद लागते. त्यात भिंतींतून, उघड्या दारातून, पंख्यांच्या मोटारींतून आणि आत काम करणाऱ्या माणसांकडून येणारी उष्णता वेगळी.

ही उष्णता काढायची रीत माठातल्या पाण्यासारखीच आहे: द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. माठातले पाणी हवेत निघून जाते, यंत्रातला गॅस मात्र पुन्हा द्रव करून परत वापरायचा असतो. दाब कमी केला की गॅस कमी तापमानाला उकळतो, दाब वाढवला की जास्त तापमानाला द्रव होतो. अमोनियाचेच घ्या. वातावरणाच्या दाबाला तो उणे ३३ अंशांना उकळतो. सुमारे ४.३ बार दाबाला शून्य अंशाला उकळतो, आणि सुमारे १५.५ बार दाबाला ४० अंशांना त्याचा द्रव होतो. कॉइलमध्ये दाब कमी ठेवा, गॅस खोलीची उष्णता घेऊन उकळेल. कॉम्प्रेसरने तो ओढून दाबा, कंडेन्सरमध्ये तीच उष्णता बाहेरच्या हवेला किंवा पाण्याला देऊन त्याचा द्रव होईल. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक वाटेतून दाब उतरवा आणि पुन्हा कॉइलमध्ये सोडा. सगळे शीतगृह या दोन दाबांच्या फरकावर चालते. ते दोन दाब आपापल्या जागी राखणे हेच नियंत्रण.

कार्डाला हे कळते कसे? तापमानासाठी प्रोब असतो. त्याच्या टोकाशी बहुधा थर्मिस्टर असतो, म्हणजे थंडी वाढली की ज्याचा रोध वाढतो असा छोटा मणी. सर्रास वापरल्या जाणाऱ्या थर्मिस्टरचा रोध २५ अंशांना १० हजार ओहम असतो. कार्ड त्यातून बारीक विद्युतप्रवाह पाठवते, पडलेला विजेचा दाब मोजते, त्याचा आकडा करते आणि स्मृतीतल्या कोष्टकावरून तापमान काढते. इथे पहिली गंभीर गोष्ट येते. दोन थर्मिस्टर २५ अंशांना अगदी सारखे असू शकतात आणि शून्याला मात्र वेगळे. एका प्रकाराचा रोध शून्य अंशाला सुमारे २७ हजार ओहम होतो, दुसऱ्याचा ३३ हजारांच्या आसपास. प्रोब तुटला, बाजारातून दिसायला तसाच दुसरा आणून लावला आणि कार्डातले कोष्टक जुनेच राहिले, तर काय होईल? कोष्टक ३३ हजारांचे आणि प्रोब २७ हजारांचा असेल, तर शून्य अंशाच्या खोलीला कार्ड ४ अंश समजेल आणि कॉम्प्रेसर चालवत राहील. पडद्यावर शून्य उमटेल तेव्हा खोली उणे ३ च्या खाली गेलेली असेल. ज्या थंडीत देठ गोठतो, ती थंडी पडद्यावर बिनचूक शून्य म्हणून दिसेल. कार्डात बिघाड नाही, प्रोब नवा कोरा आहे, आणि तरी माल गेला. म्हणून नवा प्रोब लावला की तो बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते पाहणे ही फिटरची पहिली शिस्त असली पाहिजे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्याला कुठलेही महागडे उपकरण लागत नाही.

दाबाच्या सेन्सरमध्ये एक फार सुंदर विचार आहे. असे बरेच सेन्सर दाबाचा निरोप ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाने देतात. मापनातला सर्वांत कमी दाब ४ वर, सर्वांत जास्त २० वर. शून्यापासून सुरुवात का केली नाही? कारण तार तुटली की प्रवाह शून्य होतो. दाब कमी असणे आणि निरोपच न येणे या दोन गोष्टी यामुळे वेगळ्या ओळखता येतात. ज्याला आपली माहिती अपुरी आहे हे कळते, ते यंत्र सुरक्षित असते. चांगल्या कार्डात पुढचा निर्णयही लिहिलेला असतो: प्रोब तुटला तर कॉम्प्रेसर पूर्ण बंद ठेवायचा, की ठरावीक मिनिटे चालू आणि ठरावीक मिनिटे बंद असे करत माल टिकवायचा. हा निर्णय कारखान्यात कोणीतरी आधीच भरून पाठवतो. तो द्राक्षाला मानवणारा आहे का, हे आपण तपासायला हवे.

आता चालू-बंदचा खेळ पाहू. समजा, सेटपॉइंट शून्य आणि डिफरन्शियल १ अंश ठेवला. तापमान १ अंशावर चढले की यंत्र चालू, शून्यावर आले की बंद. डिफरन्शियल मोठा ठेवला तर यंत्र कमी वेळा चालू-बंद होते, पण खोलीचे तापमान वरखाली होत राहते. त्याचा त्रास द्राक्षाला कसा होतो पाहा. पेटीत आपण सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद घालतो, त्याला सगळे ग्रेप गार्ड म्हणतात. ओल लागली की तो वायू सोडतो आणि बुरशी रोखतो. तापमान सारखे हलले की मण्यांवर आणि कागदावर दव जमते, वायू एकदम जास्त सुटतो आणि मणी पांढरे पडतात. म्हणजे पॅनेलमधल्या एका आकड्याचा परिणाम परदेशात पेटी उघडल्यावर मण्याच्या सालीवर दिसतो.

मग डिफरन्शियल अगदी बारीक का ठेवत नाहीत? कारण कॉम्प्रेसरला सारखे चालू-बंद होणे सोसत नाही. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, त्या उष्णतेला बाहेर पडायला वेळ लागतो. बंद झाल्यावर दोन्ही बाजूंचे दाब जुळायला वेळ लागतो, आणि गॅसबरोबर पुढे गेलेले तेल परत यायलाही. म्हणून कार्डात थांबण्याची सक्ती असते: एकदा बंद झाला की तीन ते पाच मिनिटे पुन्हा चालू नाही. खोली गरम होत आहे, पडद्यावरचा आकडा वाढतो आहे आणि यंत्र गप्प आहे, हे पाहून ऑपरेटरचा जीव घाबरा होतो. पण त्या वेळी कार्ड आपले काम करत असते. ग्रामीण भागात लाइट गेली, आली, पुन्हा गेली, असे होते तेव्हा याच थांबण्याने लाखो रुपयांचा कॉम्प्रेसर वाचतो. ही वेळ शून्य करून टाका म्हणणारा माणूस भेटला, तर त्याला पॅनेलला हात लावू देऊ नका.

चालू होण्यालाही क्रम असतो. आधी तिन्ही फेज आहेत आणि योग्य क्रमाने आहेत याची खातरजमा. मग कंडेन्सरचा पंखा, कॉइलचा पंखा. मग द्रवाच्या नळीवरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतो, कॉइलमध्ये गॅस येतो, दाब चढतो आणि त्यानंतर कॉम्प्रेसर. बंद होताना क्रम उलटा. आधी सोलेनॉइड मिटतो, कॉम्प्रेसर कॉइलमधला गॅस ओढून घेतो आणि दाब ठरलेल्या पातळीखाली उतरला की थांबतो. याला पंप-डाउन म्हणतात. तसे केले नाही, तर थांबलेल्या कॉम्प्रेसरमध्ये गॅस जमून तेलात मिसळतो आणि पुढच्या सुरुवातीला वंगणाऐवजी फेस मिळतो. द्रव आत गेला तर व्हॉल्व्ह-प्लेटाच फुटतात, कारण द्रव दाबला जात नाही.

द्रव कॉम्प्रेसरपर्यंत पोचू नये, ही काळजी चालू यंत्रातही घ्यावी लागते. तिथे कार्ड दोन सेन्सरांवरून एक तिसरीच गोष्ट काढते. दाबावरून गॅस किती अंशांना उकळतो आहे ते कळते. समजा उणे ५. कॉइलबाहेर पडणाऱ्या नळीचे तापमान १ अंश. फरक ६ अंश. याला सुपरहीट म्हणतात. फरक आहे म्हणजे सगळा द्रव कॉइलमध्येच उकळून संपला आणि पुढे निव्वळ वाफ जाते आहे. फरक शून्याकडे सरकला तर द्रव कॉम्प्रेसरकडे निघाला आहे. फरक फार वाढला तर कॉइलचा बराच भाग कोरडा पडला आहे. इलेक्ट्रॉनिक एक्स्पान्शन व्हॉल्व्हची सुई कार्ड एकेक पाऊल पुढेमागे करून हा फरक राखते.

ही सुई किती घाईने हलवावी, हा प्रश्न फार जुना आहे. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाला १७८८ पासून फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर लागला. तो कधी वेग स्थिर ठेवी, तर कधी स्वतःच इंजिनाला झोके देई. असे का होते, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये मांडले. दुरुस्ती फार जोरात केली आणि तिचा परिणाम दिसायला वेळ लागला, तर दुरुस्तीच चूक वाढवते. आपल्या व्हॉल्व्हमध्येही हेच घडते. सुई उघडल्यावर नळीच्या तापमानात फरक पडायला अर्धे-एक मिनिट लागते. कार्डाने तेवढा दम धरला नाही, तर व्हॉल्व्ह सारखा उघडझाप करतो. मेकॅनिक मंडळी त्याला हंटिंग म्हणतात. सेकंदाला लाखो कामे करणाऱ्या कार्डाला इथे मुद्दाम सावकाश वागायला शिकवावे लागते.

आता आर्द्रतेकडे वळतो, कारण आपल्या मालासाठी हा सर्वांत मोलाचा भाग आहे. कॉइलवर जो बर्फ जमतो, त्यातले काही पाणी दारातून आलेल्या हवेतले असते, आणि उरलेले आपल्या द्राक्षांचे. खोली शून्य अंशाला आणि कॉइल उणे १० ला असेल, तर हवेतली वाफ कॉइलवर वेगाने गोठते, हवा कोरडी होते आणि ती घडातून पाणी ओढते. पहिला फटका देठाला. कॉइल उणे ४-५ वर ठेवली, तर तेवढीच थंडी कितीतरी कमी पाणी घेऊन मिळते. त्यासाठी कॉइल मोठी लागते, ते मांडणी करतानाच ठरते. पण मोठी कॉइल असूनही कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीने चालत राहिला, तर तो दाब खाली ओढून कॉइल विनाकारण थंड करतो. म्हणून माल थंड झाल्यावर ताकद कमी करण्याची सोय कार्डाने वापरली पाहिजे. पिस्टनच्या कॉम्प्रेसरमध्ये काही सिलिंडर रिकामे चालवता येतात, स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये स्लाइड व्हॉल्व्ह सरकवता येतो, नाहीतर व्हीएफडी या वेगनियंत्रकाने वेग उतरवता येतो. पंख्यांचेही तसेच. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर त्याला लागणारी वीज जवळपास निम्मी होते. शिवाय पंख्याने खाल्लेली वीज शेवटी खोलीत उष्णता होऊनच उतरते, तीही वाचते.

बर्फ वितळवायचा कधी, हाही लिहिलेला निर्णय आहे. बहुतेक ठिकाणी घड्याळ लावलेले असते: दर सहा तासांनी डिफ्रॉस्ट. कॉइलवर बर्फ असो वा नसो, हीटर पेटतात आणि खोलीत उष्णता सोडतात. भर हंगामात दार दिवसभर उघडझाप होते तेव्हा सहा तास जास्त होतात. माल भरून दार लावले की तेच सहा तास फार कमी. डिफ्रॉस्ट संपवण्यासाठी कॉइलवर वेगळा प्रोब लागतो. कॉइल ८-१० अंशांवर आली की बर्फ गेला असे समजून हीटर बंद. तो प्रोब सैल झाला, तर कार्डाला कॉइल गरम झाल्याचे कळत नाही आणि हीटर जास्तीत जास्त मुदत संपेपर्यंत पेटलेले राहतात. नंतर पाणी निथळायला दोन-चार मिनिटे, मग गॅस सुरू, कॉइल पुरेशी थंड झाल्यावरच पंखा. पंखा आधी फिरला, तर गरम दमट हवा आणि पाण्याचे थेंब सरळ पेट्यांवर येतात. ग्रेप गार्डला ओल लागली की काय होते, ते आपण आत्ताच पाहिले.

सुरक्षेबद्दल मी आज ठामपणे बोलणार आहे. कंडेन्सरचा पंखा बंद पडला, जाळी धुळीने भरली किंवा पाणी आटले, की दाब चढू लागतो. त्यासाठी जास्त दाबाला वीज तोडणारा एचपी कटआउट असतो. चांगल्या पॅनेलमध्ये तो कार्डाच्या मर्जीवर सोडलेला नसतो. त्याचा संपर्क कॉम्प्रेसरच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी सरळ एका ओळीत जोडलेला असतो. कार्डाचा रिले चिकटला, प्रोग्रॅम अडकला, काहीही झाले तरी दाब चढला की वीज तुटतेच. कार्डात वॉचडॉग असतो. प्रोग्रॅमने ठरल्या वेळात हजेरी लावली नाही तर तो कार्ड पुन्हा सुरू करतो. पण माणसाचा जीव जिथे पणाला लागतो, तिथे शेवटचा शब्द साध्या तारेचा आणि स्विचचा असावा, हे अभियांत्रिकीतले फार जुने आणि खरे तत्त्व आहे. आणि म्हणूनच एचपी कटआउटला हाताने रीसेट करावे लागते. कोणीतरी पॅनेलपाशी यावे, कारण शोधावे, मगच बटण दाबावे, ही त्यामागची इच्छा. हंगामाच्या घाईत त्या कटआउटला वगळणारी तार, म्हणजे जंपर, मारून यंत्र चालवले जाते, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत आहे. अमोनियाच्या प्लँटमध्ये असा जंपर म्हणजे आत काम करणाऱ्या बायाबापड्यांच्या जिवावर घेतलेले कर्ज आहे. हवेत दर दहा लाख भागांत ३०० भाग अमोनिया हे प्रमाण तत्काळ धोक्याचे मानले जाते. मालाचा विमा उतरवता येतो. पेट्या भरणाऱ्या भगिनीच्या फुप्फुसांची भरपाई कोण करणार?

आणखी एक बदल दारात उभा आहे. १९८७ च्या माँट्रियल करारामुळे आर-२२ सारखे ओझोन खाणारे गॅस हद्दपार होत आहेत. त्याच करारात २०१६ मध्ये किगालीला जी दुरुस्ती झाली, तिला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे हवामान तापवणारे पुढच्या पिढीचे गॅसही येत्या दशकांत टप्प्याटप्प्याने कमी होतील. गॅस बदलला की दाब आणि तापमान यांचे नातेच बदलते. कार्डातल्या यादीत नवा गॅस निवडला नाही, तर सुपरहीटचा हिशेब रोज चुकत राहील आणि पडद्यावर त्याचा मागमूसही दिसणार नाही. येत्या काळात हे काम गावोगावच्या मेकॅनिकला करावे लागणार आहे. त्याला ते कोणी शिकवणार आहे की नाही?

म्हणून तीन मागण्या मांडतो. पहिली पॅकहाऊसच्या मालकांकडे. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला सगळ्या सेटिंगचा तक्ता मराठीत लावा: प्रोबचा प्रकार, गॅस, सेटपॉइंट, डिफरन्शियल, थांबण्याची वेळ, डिफ्रॉस्टची वेळ आणि मुदत. कोणी आकडा बदलला तर तारीख, जुना आकडा, नवा आकडा आणि सही. रोगाच्या इतिहासाशिवाय डॉक्टर औषध देत नाही, मग पॅनेलमध्ये हात घालणाऱ्यासमोर पॅनेलचा इतिहास का नसावा?

दुसरी मागणी पॅनेल बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांकडे. ज्याने पैसे मोजले, त्याला पासवर्ड, वायरिंगचा नकाशा आणि सेटिंगचे पुस्तक मिळाले पाहिजे. मार्चच्या दुपारी कार्ड गेले आणि पुण्या-मुंबईहून माणूस येईपर्यंत आतला माल तापत राहिला, तर नुकसान शेतकऱ्याचे होते. सुरक्षेची कुलपे जरूर असू द्या, पण माहितीला कुलूप नको.

तिसरी मागणी आपल्या शिक्षणाकडे. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड आहे, मुले हुशार आहेत, पाइप जोडण्यात आणि गॅस भरण्यात त्यांचा हात बसतो. त्यांना कार्डही शिकवा. मल्टिमीटरने प्रोबचा रोध मोजून तापमान काढणे, ४ ते २० मिलिअँपिअरचा निरोप वाचणे, सुपरहीट हाताने मोजून कार्डाच्या आकड्याशी ताडून पाहणे, हे त्यांना मराठीत, समोर चालू यंत्र ठेवून शिकवा. आणि त्या वर्गात शेतकऱ्यांच्या मुलींनाही आणा. पॅकहाऊसमध्ये बहुतेक काम बायकांच्या हातून होते, पॅनेलची किल्ली मात्र क्वचितच त्यांच्या हाती असते.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे तुमच्याशी बोलतो. पुढच्या हंगामात तुमच्यातले काही जण कुठल्यातरी पॅकहाऊसमध्ये कामाला लागतील. पहिल्याच दिवशी वही घ्या आणि पॅनेलमधला प्रत्येक आकडा उतरवा. प्रत्येकासमोर लिहा: हा कोणी ठरवला, कशासाठी ठरवला आणि बदलला तर काय होईल. ज्याचे उत्तर मिळणार नाही, ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. त्या आकड्यांमागे एका घराच्या वर्षभराच्या कष्टाची कमाई असते, आणि ती सांभाळण्याइतके ज्ञान तुमच्या आवाक्यात आहे, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.